डिस्पर्शन कॅल्क्युलेटर : कंपोझिटच्या सिम्युलेशनला बसण्याआधी उघडायचं सॉफ्टवेअर

बेळगावातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात ‘कंपोझिट प्लेटमधलं डीलॅमिनेशन अल्ट्रासॉनिक लहरींनी शोधणं’, म्हणजे धागे आणि रेझिनच्या थरांच्या प्लेटमध्ये सुटलेले थर शोधणं, असा प्रोजेक्ट घेतलेला विद्यार्थी बहुधा सरळ अबॅकस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर उघडतो. प्लेट काढतो, सोळा थर देतो, तिचे बारीक तुकडे पाडतो म्हणजे मेश करतो, एका टोकाला पल्स सोडतो आणि रात्रभर मशीन चालू ठेवतो. सकाळी सेन्सरच्या जागी लांबलचक वळवळती रेघ मिळते. त्यातला पहिला उंचवटा कुठल्या लहरीचा, दुसरा कडेवरून परतून आला की दोषावरून, हे काही सांगता येत नाही. गाईडसमोर गाडी नेमकी इथेच अडते.

चूक अबॅकसची नसते. प्लेटमध्ये कोणत्या लहरी कोणत्या वेगाने धावणार हे माहीत नसताना मेश केलेला असतो. डीलॅमिनेशन दिसतं की नाही हा नंतरचा प्रश्न. मेश किती बारीक, टाइम स्टेप किती, पल्स किती किलोहर्ट्झची, सेन्सर किती लांब हे चारही आकडे लहरींच्या वेगावरून आणि तरंगलांबीवरूनच ठरतात. ते काढून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे डिस्पर्शन कॅल्क्युलेटर, वापरणाऱ्यांच्या तोंडी ‘डीसी’. डिस्पर्शन म्हणजे लहरीचा वेग फ्रिक्वेन्सीनुसार बदलणं. जर्मन एरोस्पेस सेंटर म्हणजे डीएलआर, त्याच्या ऑग्सबुर्गच्या केंद्रात आर्मिन ह्यूबर यांनी ते बनवलं. मोफत आहे आणि सोर्स कोडही खुला आहे. मॅटलॅबमध्ये लिहिलेलं असलं तरी मॅटलॅबचं लायसन्स लागत नाही. विंडोजवर मॅटलॅब रनटाइम बसवलं की पुरे, आणि तेही फुकट मिळतं. रनटाइमचं डाऊनलोड मोठं आहे, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेण्याच्या फंदात पडू नका, कॉलेजच्या नेटवर घ्या. पहिल्यांदा उघडताना प्रोग्राम बराच वेळ गप्प बसतो. अडकला असं समजून बंद करू नका.

आतली पद्धत थोडी समजून घेतलेली बरी, कारण या सॉफ्टवेअरवर विश्वास का ठेवायचा ते त्यातून कळतं. पातळ प्लेटमधल्या लहरींचं गणित होरेस लँब यांनी १९१७ साली मांडलं, म्हणून त्यांना लँब लहरी म्हणतात. प्लेट दोन्ही बाजूंनी सारखी ताणत-आखडत जाणारी लहर एस, वाकवत जाणारी ए; अशा प्रत्येक प्रकाराला मोड म्हणतात आणि सगळ्यात खालच्याला झिरो. थरांच्या माध्यमासाठी थॉमसन यांनी १९५० साली आणि हॅस्केल यांनी १९५३ साली ट्रान्सफर मॅट्रिक्सची पद्धत दिली. ती सोपी आहे, पण फ्रिक्वेन्सी आणि जाडी यांचा गुणाकार वाढला की कोसळते: एकाच मॅट्रिक्समध्ये प्रचंड मोठे आणि नगण्य आकडे एकत्र येतात आणि संगणकाची अचूकता संपते. रोखलिन आणि वांग यांनी २००२ साली मांडलेली स्टिफनेस मॅट्रिक्सची पद्धत इथे स्थिर राहते, आणि डीसी तीच वापरतं. त्यामुळे शेकडो थरांचं लॅमिनेट दिलं तरी आलेख फाटत नाही. नेटवरून उचललेल्या पन्नास ओळींच्या मॅटलॅब कोडमध्ये आणि यात हाच मोठा फरक.

बसवल्यावर कंपोझिटला हात लावण्याआधी ॲल्युमिनियम घालून बघा. आयसोट्रॉपिकच्या (सगळ्या दिशांना सारख्या पदार्थाच्या) टॅबमध्ये २ मि.मी. प्लेट, ई म्हणजे यंग्ज मॉड्युलस ७० गिगापास्कल, पॉयसन रेशो ०.३३, घनता २,७०० किलो प्रतिघनमीटर. कमी फ्रिक्वेन्सीला एस-झिरोचा वेग सेकंदाला ५,४०० मीटरच्या आसपास आला पाहिजे आणि ए-वन मोड ७८० किलोहर्ट्झच्या आसपास सुरू झाला पाहिजे. दुसरा आकडा हातानेही पडताळता येतो: आडव्या (शिअर) लहरीचा वेग जाडीच्या दुपटीने भागा. हे दोन्ही जुळले की युनिटचा गोंधळ नाही अशी खात्री होते. जाडी मि.मी.मध्ये आणि फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये द्यायची असते. मीटर आणि हर्ट्झ डोक्यात ठेवून आकडे भरले की सगळंच बिघडतं.

आता कंपोझिट. डीसीचा सगळ्यात उपयोगी भाग आणि सगळ्यात जास्त चुका होण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे मटेरियल एडिटर. पुरवठादाराच्या डेटाशीटवर साधारण चार आकडे असतात: ई-वन, ई-टू, जी-वन-टू आणि न्यू-वन-टू (धाग्यांच्या दिशेचा ताठरपणा, आडवा ताठरपणा, शिअरचा ताठरपणा आणि पॉयसन रेशो). एकाच दिशेने धागे असलेल्या प्लायला म्हणजे थराला ट्रान्सव्हर्सली आयसोट्रॉपिक (धाग्यांना आडव्या सगळ्या दिशांना सारखं) मानलं तरी पाच स्वतंत्र आकडे लागतात. पाचवा म्हणजे न्यू-टू-थ्री, धाग्यांना आडव्या प्रतलातला पॉयसन रेशो, आणि तो डेटाशीटवर बहुधा नसतो. मग काही जण तिथे ०.३ भरतात. कार्बन-इपॉक्सीत तो ०.४५च्या आसपास धरावा. जी-टू-थ्री, म्हणजे त्याच आडव्या प्रतलातला शिअरचा ताठरपणा, = ई-टू भागिले (दोन गुणिले (एक अधिक न्यू-टू-थ्री)). ई-टू १० गिगापास्कल असेल तर ०.४५ घेतल्यावर जी-टू-थ्री ३.४५ येतो, ०.३ घेतल्यावर ३.८५. एवढ्या फरकाने ए-झिरोचा वेग दीड-दोन टक्क्यांनी हलतो, म्हणजे दोनशे मि.मी. अंतरावर दोषाची जागा तीन-चार मि.मी. चुकते. सरळ जी-टू-थ्री बरोबर जी-वन-टू टाकून मोकळं होणाऱ्यांची चूक पाच-सहा टक्क्यांपर्यंत जाते. एस-झिरोला हा फरक जवळजवळ जाणवत नाही. म्हणून एस-झिरो जुळला एवढ्यावर समाधान मानू नका.

घनता डेटाशीटवरून घेऊ नका, मोजा. डेटाशीटचा आकडा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) बनवलेल्या साठ टक्के धाग्यांच्या लॅमिनेटचा असतो. हाताने लेअप केलेल्या किंवा व्हॅक्यूम इन्फ्युजनच्या प्लेटमध्ये धागा कमी आणि रेझिन जास्त असतं. तिथे घनताही बदलते आणि ई-वनही खाली येतो. प्लेटच्या कडेचा १०० बाय १०० मि.मी.चा तुकडा कापा, चार कोपऱ्यांत मायक्रोमीटर लावून जाडी घ्या आणि सराफाच्या काट्यावर वजन करा. २ मि.मी. जाडीच्या तुकड्याचं वजन ३२ ग्रॅम भरलं तर घनता १,६००. तीस भरलं तर १,५००, आणि सगळ्या लहरींचे वेग तीन टक्क्यांनी वर जातात. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे प्रयोग आणि सिम्युलेशन जुळत नाहीत आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

इथे अबॅकसकडे आकडे नेतानाचा एक सापळा सांगायलाच हवा. डीसीमधून मटेरियलची स्टिफनेस मॅट्रिक्स उचलून अबॅकसमध्ये भरणारे बरेच आहेत. पुस्तकातल्या नेहमीच्या क्रमात चौथी जागा २३ची, पाचवी १३ची आणि सहावी १२ची असते. अबॅकसमध्ये चौथी १२ची, पाचवी १३ची आणि सहावी २३ची. म्हणजे सी-फोर-फोर आणि सी-सिक्स-सिक्स यांची अदलाबदल करावी लागते. तशीच भरली तर मॉडेल बिनतक्रार चालतं, कुठलाही एरर येत नाही, फक्त ए-झिरो चुकीच्या वेगाने धावतो. इंजिनिअरिंग कॉन्स्टंट्सच (ई, जी आणि न्यूचे आकडे) भरले तर हा प्रश्न उद्भवत नाही. आमची शिफारस तीच.

लेअप भरायला डीसीत सोपं आहे. अनायसोट्रॉपिकच्या टॅबमध्ये एका युनिट सेलचे थर द्यायचे, ती किती वेळा फिरते ते सांगायचं आणि सिमेट्रिकच्या चौकटीत टिक करायची. शून्य, पंचेचाळीस, उणे पंचेचाळीस, नव्वद अंशांचे हे चार थर, पुनरावृत्ती दोन, सिमेट्रिक चालू: झालं सोळा थरांचं क्वासी-आयसोट्रॉपिक (प्लेटच्या प्रतलात जवळपास सगळ्या दिशांना सारखं) लॅमिनेट. प्रत्येक थर ०.१२५ मि.मी. धरला तर एकूण २ मि.मी. पुढचे आकडे याच प्लेटचे आहेत, ई-वन १३५, ई-टू १०, जी-वन-टू ५ गिगापास्कल आणि घनता १,६०० धरून. तुमच्या प्लेटचे थोडे इकडेतिकडे होतील, पण पट्टा हाच.

कमी फ्रिक्वेन्सीला एस-झिरो सेकंदाला सहा हजार मीटरच्या जवळ, एसएच-झिरो (प्लेटच्या प्रतलात, वाटेला काटकोनात हलणारी लहर) साडेतीन हजारांच्या आसपास. दोनशे किलोहर्ट्झला ए-झिरोचा फेज वेग (एका शिखराचा) साधारण १,३०० आणि ग्रुप वेग (पूर्ण पल्सचा) पंधराशे-सोळाशे. फेज आणि ग्रुप यांची गल्लत करू नका: पल्स पोहोचायचा वेळ ग्रुप वेगावरून काढायचा, मेश आणि चकतीचा व्यास फेज वेगावरून. त्याच फ्रिक्वेन्सीला एस-झिरोची तरंगलांबी ३० मि.मी., ए-झिरोची साडेसहा. दहा-पंधरा मि.मी.चं डीलॅमिनेशन शोधायचं असेल तर ए-झिरो का घ्यायचा, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. चारशेच्या आसपास वरचे मोड सुरू होतात. साडेतीनशेच्या खाली राहिलं की फक्त तीनच मोड सांभाळावे लागतात.

मोडच्या नावांवर फार विसंबू नका. पंचेचाळीसचे थर असलेल्या लॅमिनेटमध्ये लँब आणि एसएच लहरी एकमेकींत मिसळतात. सॉफ्टवेअर ठरलेलं नाव देतं, पण मोड शेपचा आलेख उघडून विस्थापन कोणत्या दिशेचं आहे ते बघा. आडवं, लहरीच्या वाटेला काटकोनातलं विस्थापन जास्त असेल तर नाव काहीही असो, तो एसएच-झिरोच. वक्र मध्येच तुटला किंवा एका मोडवरून दुसऱ्यावर उडी मारली, तर फ्रिक्वेन्सी स्टेप लहान करा. पाच किलोहर्ट्झवरून एकवर आणली की बहुतेक वेळा भागतं. दोन वक्र जवळ येऊन न छेदता पुन्हा दूर जातात तिथे हे हमखास होतं.

पीझेडटी (वीज दिली की थरथरणारी पिझो) चकती निवडताना डीसीचा जो उपयोग होतो, तो फार कमी जण करतात. बाजारात सहज मिळते ती १० मि.मी. व्यासाची गोल चकती. चकती पातळ आणि नीट चिकटलेली असेल, तर तिचा व्यास तरंगलांबीच्या साधारण १.२ पट झाला की तो मोड जवळजवळ उठतच नाही, कारण चकतीखालचे ताण एकमेकांना मारतात. आपल्या प्लेटमध्ये ए-झिरोची तरंगलांबी १६० किलोहर्ट्झच्या आसपास सव्वाआठ मि.मी. होते. म्हणजे १० मि.मी.च्या चकतीने नेमक्या याच फ्रिक्वेन्सीला ए-झिरो शोधायला बसलं तर हाती काही लागणार नाही. दोनशेवर गेलं की तोच मोड पुन्हा चांगला उठतो. ‘दीडशे किलोहर्ट्झ घेऊन बघू’ असं अंदाजाने ठरवून सेन्सर खराब आहे म्हणणाऱ्यांनी डीसीतला तरंगलांबीचा आलेख एकदा उघडावा. प्रत्यक्षात गोंदाचा थर जाड असेल तर हा आकडा थोडा सरकतो. अराल्डाइट चोळून पातळ बसवा आणि चकतीवर सारखं वजन ठेवून सुकू द्या.

सिग्नल सिम्युलेटरचा टॅब शिकण्यासाठी उत्तम आहे. पल्समधली आवर्तनं, फ्रिक्वेन्सी आणि अंतर दिलं की तिथे पोहोचेपर्यंत प्रत्येक मोड किती पसरतो ते दिसतं. पाच आवर्तनांची दोनशे किलोहर्ट्झची पल्स २५ मायक्रोसेकंदांची. दोनशे मि.मी.वर एस-झिरो ३३ मायक्रोसेकंदांना येतो, ए-झिरो १३०च्या आसपास. पण हा टॅब अमर्याद प्लेट धरतो, कडा नाहीतच. ४०० बाय ४०० मि.मी.च्या खऱ्या प्लेटमध्ये, चकती आणि सेन्सर मध्यापासून शंभर-शंभर मि.मी.वर लावले, तर कडांवर आदळून परतलेले एस-झिरोचे प्रतिध्वनी ६५ मायक्रोसेकंदांपासून सुरू होतात आणि १३०च्या पुढेही येत राहतात. म्हणजे सगळ्यात हळू येणारा आणि आपल्याला हवा असलेला ए-झिरो त्या गर्दीत येऊन पडतो. सिम्युलेटरमधली स्वच्छ आकृती प्रयोगात दिसेल अशी अपेक्षा धरू नका. प्रयोगात कडांना मॉडेलिंग क्ले दाबून लावा. ए-झिरो चांगला दबतो, एस-झिरो कमी. सिम्युलेशनमध्ये कडेला शोषक पट्टा द्या.

आणि इथे डीसीची हद्द संपते. दोष त्यात घालताच येत नाही. डीलॅमिनेशनवरून लहर कशी विखुरते ते बघायला फाइनाइट एलिमेंटकडेच (अबॅकससारख्या मेशच्या पद्धतीकडे) जावं लागतं. पण हातात हे आकडे घेऊन गेलात तर काम निम्म्यावर येतं.

मेश ठरवताना मधली फ्रिक्वेन्सी घेऊन चालत नाही. हॅन खिडकीतल्या (दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर आणलेल्या) पाच आवर्तनांच्या पल्सची मुख्य ऊर्जा मधल्या फ्रिक्वेन्सीच्या चाळीस टक्के खाली-वर पसरते. दोनशेच्या पल्समध्ये १२० ते २८० किलोहर्ट्झ सगळं असतं. २८०ला ए-झिरोची तरंगलांबी पाच मि.मी.च्या आसपास. लिनिअर एलिमेंट असतील तर एका तरंगलांबीत वीस हवेत, म्हणजे एलिमेंट ०.२५ मि.मी. जाडीत प्रत्येक थराला एक. ३०० बाय ३०० मि.मी.च्या प्लेटला हे दोन कोटी तीस लाख एलिमेंट होतात, आणि कॉलेजच्या लॅबमधला साधा पीसी तिथे हात टेकतो. म्हणून आधी छेद घ्या: ३०० मि.मी. लांब, १६ एलिमेंट जाड, एकूण १९,२००. हे काही मिनिटांत चालतं आणि वेग, मोड, डीलॅमिनेशनची खोली यांचा अभ्यास यावर होतो.

छेदाला साधं प्लेन स्ट्रेन लावाल तर पंचेचाळीसच्या थरांत चूक होईल, कारण तिथे लहर प्रतलाबाहेरही हलते आणि प्लेन स्ट्रेन ते हलणं रोखून धरतं. क्रॉस-प्लाय (फक्त शून्य आणि नव्वदच्या थरांच्या) लॅमिनेटला ते चालतं. बाकीच्यांसाठी एक एलिमेंट रुंदीची त्रिमित पट्टी घ्या आणि दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या नोडांची तिन्ही विस्थापनं इक्वेशनने एकमेकांना बांधा. त्यांना फिक्स करू नका.

टाइम स्टेप १० नॅनोसेकंद ठेवा, २०० मायक्रोसेकंदांसाठी २०,००० पावलं. धाग्याच्या दिशेने लहर सेकंदाला नऊ हजार मीटरच्या वर धावते आणि सगळ्यात लहान बाजू ०.१२५ मि.मी.ची आहे. लहर एका पावलात एक एलिमेंट ओलांडून जाता कामा नये. डबल प्रिसिजन चालू करा, कारण पुढे दोष असलेल्या सिग्नलमधून दोष नसलेला वजा करायचा आहे आणि सिंगल प्रिसिजनची धूळ त्या वजाबाकीत वर येते. अबॅकस एक्सप्लिसिटमध्ये लिनिअर बल्क व्हिस्कॉसिटी न सांगता ०.०६ लागलेली असते. ती शून्य करा, नाहीतर एस-झिरोची उंची विनाकारण घटते. कडेच्या शोषक पट्ट्यात फक्त अल्फा डॅम्पिंग (वस्तुमानाच्या प्रमाणातलं) द्या, आणि तेही पायऱ्यापायऱ्यांनी वाढवत. पट्टा सगळ्यात लांब तरंगलांबीच्या दोन-तीन पट हवा. १२० किलोहर्ट्झच्या एस-झिरोची तरंगलांबी ५० मि.मी. आहे हे ध्यानात घेऊन लांबी ठरवा. बीटा डॅम्पिंग (ताठरपणाच्या प्रमाणातलं) दिलं की स्थिर टाइम स्टेप एकदम खाली येते आणि तासाचं काम दिवसावर जातं. सी-थ्री-डी-एट-आर या आठ नोडांच्या ठोकळ्याच्या एलिमेंटला एन्हान्स्ड अवरग्लास कंट्रोल (एलिमेंटची खोटी वाकडी हालचाल रोखणारं) द्या.

शुद्ध ए-झिरो हवा असेल तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावर समोरासमोरच्या नोडांना एकाच दिशेने उभं बल द्या. विरुद्ध दिशांनी दिलं की एस-झिरो उठतो. एकाच बाजूला दिलं तर दोन्ही मिसळून येतात आणि सुरुवातीला तेच गोंधळाचं कारण ठरतं. मग दोष न घातलेलं मॉडेल आधी चालवा आणि त्याची डीसीशी गाठ घाला. वरच्या पृष्ठभागावरच्या २०० मि.मी. रेषेतल्या नोडांचा उभा वेग दर मि.मी.ला नोंदवा, त्याचं द्विमित फुरिये रूपांतर करा आणि डीसीतून एक्सपोर्ट केलेला वक्र त्यावर ठेवा. ऊर्जेचा पट्टा वक्रावर बसला की मॉडेल बरोबर. बसला नाही तर डीलॅमिनेशन घालायची घाई करू नका. मटेरियलची दिशा, जी-टू-थ्री आणि घनता या क्रमाने तपासा. मेश भरड असेल तर पट्टा वरच्या फ्रिक्वेन्सीला वक्रापासून दूर वाकतो, मटेरियल चुकलं असेल तर सगळीकडेच सरकलेला दिसतो. या फरकावरून चूक कुठली ते लगेच ओळखता येतं.

डीलॅमिनेशन घालताना चौथ्या आणि पाचव्या थरामधले नोड ठरलेल्या भागात दुहेरी करून सुटे ठेवा, दोषाच्या दोन्ही टोकांना मात्र एकच नोड राहू द्या. तिथे पोकळी म्हणून साहित्य काढून टाकू नका. थर सुटतात तेव्हा त्यांच्यामध्ये जागा जवळजवळ नसतेच. आणि इथे डीसी पुन्हा कामाला येतं. सुटलेल्या भागात वर ०.५ मि.मी.चं आणि खाली दीड मि.मी.चं अशी दोन वेगळी लॅमिनेट असतात. दोन्ही डीसीत स्वतंत्र भरा. दोन्ही लॅमिनेट सिमेट्रिक नसल्याने ती टिक काढावी लागते, आणि ए-एस अशी सरळ विभागणीही तिथे राहत नाही. पातळ भागातला वाकण्याचा मोड दोनशे किलोहर्ट्झला सेकंदाला हजार मीटरच्या खाली उतरतो. म्हणजे लहर दोषावरून जाताना एकीकडे मागे पडते, दुसरीकडे कमी मागे पडते, आणि पलीकडे दोन्ही भेटतात तेव्हा कधी एकमेकींना मारतात. दोष मोठा असूनही सेन्सरला तो दिसत नाही, अशा चमत्कारिक लांबी या हिशेबातून आधीच कळतात. आमच्या मते या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोलाचा उपयोग हाच.

पोलर डायग्रामही (दिशेनुसार वेगाचा आलेख) जरूर बघा, विशेषतः सगळे धागे एकाच दिशेचे असतील तर. अशा प्लेटमध्ये ऊर्जा लहरीच्या दिशेने जात नाही, धाग्यांकडे ओढली जाते. धाग्यांपासून थोड्या कोनात सोडलेला एस-झिरो भलत्याच ठिकाणी पोहोचतो, आणि वर्तुळं छेदून दोषाची जागा काढणारी पद्धत तिथे चुकते. पोलर डायग्राम काढायला वेळ लागतो, बरेच थर असले तर जास्तच. कोनाची पायरी आधी मोठी ठेवून बघा.

तक्रारी आहेत. स्क्रीनवर चौकटी आणि बटणं दाटीवाटीने बसवलेली आहेत. माहितीपुस्तिका इंग्रजीत आहे आणि बऱ्याच गोष्टी जाणत्या माणसासाठी लिहिलेल्या आहेत. भरलेला मटेरियलचा आकडा अवास्तव असला तरी वक्र निघतो, त्यामुळे आकड्यांची जबाबदारी तुमचीच. पर्याय म्हणाल तर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधलं डिस्पर्स जुनं आणि नावाजलेलं आहे, पण विकत घ्यावं लागतं. के-वेव्ह मोफत आणि वेगवान आहे. त्यातलं घन पदार्थांचं मॉडेल मात्र आयसोट्रॉपिक आहे, म्हणून ॲल्युमिनियमला घ्या, कार्बन फायबरला नको.

आपल्या भागातला एक मुद्दा कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. एप्रिलमध्ये घेतलेली बेसलाइन (दोष नसतानाचा सिग्नल) जुलैत चालत नाही. खानापूरकडच्या पावसाच्या हवेत इपॉक्सी ओलावा शोषतं, रेझिन मऊ पडतं, डॅम्पिंग वाढतं. उन्हाळ्यातल्या तापमानानेही ई-टू आणि जी-वन-टू खाली येतात. मग नव्या सिग्नलमधून जुना वजा केला की दोष नसतानाही मोठा उंचवटा निघतो. डीसीत जी-वन-टू आणि ई-टू पाच टक्क्यांनी उतरवून वक्र पुन्हा काढा आणि ए-झिरोच्या पोहोचण्याच्या वेळेत किती फरक पडतो ते बघा. तेवढा फरक तुमच्या दोषाच्या सिग्नलइतका असेल, तर दोष ठरवण्याआधी हवामान ठरवावं लागेल.

गदगकडच्या पवनचक्क्यांची पाती डोळ्यांसमोर ठेवून कुणी हे घेत असेल तर वेगळी सूचना. काच-इपॉक्सीचा २५ मि.मी. जाड भाग डीसीत भरला की वरचे मोड तीस किलोहर्ट्झच्या आसपासच सुरू झालेले दिसतात. त्याखाली राहायचं तर ए-झिरोची तरंगलांबी चाळीस मि.मी.च्या वर जाते आणि लहान दोष सुटतात. अशा जाडीला लँब लहरींचा हट्ट सोडा आणि सरळ जाडीतून जाणाऱ्या पल्स-इको तपासणीचं सिम्युलेशन करा. त्यासाठी लागणारे वेग आणि ऊर्जेची दिशा बल्क वेव्हजच्या टॅबमध्ये मिळते. पात्याच्या टोकाकडच्या पातळ कवचाला मात्र वर सांगितलेली सगळी पद्धत लागू पडते. मटेरियल तेवढं बदला: ई-वन चाळीसच्या आसपास, घनता १,९००, आणि तीही वजन करूनच.